आईसाठी चार ओळी पुरणार नाहीत

आंबेडकरी समाजात घरातली वडीलधारी बाई गेली की वर्तमानपत्रात निधनवार्ता येते. 'कालकथित अमुकबाई यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. मृत्यूसमयी त्यांचे वय ८८ वर्षे होते. त्या मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीच्या होत्या. त्यांच्या पश्चात मुले, मुली, सुना, जावई, नातवंडे, पतवंडे असा मोठा परिवार आहे.' त्यानंतर मोठा मुलगा कुठे अधिकारी आहे, धाकटा कोणत्या खात्यातून निवृत्त झाला, हे येते. शेवटी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची वेळ आणि स्थळ. संपले!

अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आयुष्य चार ओळींत संपते आणि त्यातलीही अर्धी जागा मुलांच्या हुद्द्यांना जाते. ती बाई कोणत्या गावच्या महारवाड्यात जन्मली? शाळेचे तोंड तिने पाहिले की नाही? १९५६ साली ती कुठे होती? मुलांच्या फीचा पैसा तिने कुठून उभा केला? नवऱ्याने तिला कसे वागवले? यातले काहीच त्या चार ओळींत नसते. पुष्कळदा तर तिचे माहेरचे नाव, ज्या नावाने तिला तिच्या आईने हाक मारली ते नावही, तिच्या नातवांना ठाऊक नसते. ती कोणाची तरी आई म्हणून जगली आणि कोणाची तरी आई म्हणूनच गेली.

ज्या समाजाने हजारो वर्षे 'आम्हाला इतिहासातून पुसून टाकले' अशी तक्रार केली आणि ती तक्रार शंभर टक्के खरी आहे, त्याच समाजाने आपल्या आयांचा इतिहास स्वतःच्या हाताने पुसावा काय? हा प्रश्न आज विचारायचा आहे. तो विचारताना एका आईचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवू. ही आई जवळपास शंभर वर्षे जगली आणि तिने आपली हकिगत लिहिण्यासाठी कोणाची वाट पाहिली नाही. त्या म्हणजे शांताबाई कृष्णाजी कांबळे.

माणदेशातली नाजा

शांताबाईंचा जन्म १ मार्च १९२३ रोजी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यातील महूद या गावी झाला. माहेरचे नाव नाजा. सांगोला, आटपाडी, जत, माण, खटाव हा सगळा माणदेशाचा दुष्काळी पट्टा. पाऊस पडला तर पडला, नाहीतर बैलासकट माणसाने जगायला बाहेर पडायचे, असा हा मुलूख. 'तराळ अंतराळ' लिहिणारे शंकरराव खरात याच मुलखातल्या आटपाडीचे. इथे सवर्णाच्या घरीसुद्धा भाकरीची चणचण, मग महारवाड्यात काय असणार? वर्षभर गावकी करायची, निरोप पोचवायचे, सरपण फोडायचे, आणि त्याबदल्यात खळ्यावर मिळेल ते बलुते आणि घरोघरची शिळी भाकरी. शांताबाईंच्या आत्मकथनात ही भूक पानोपानी भेटते. पोटभर जेवण ही त्या घरातली नेहमीची गोष्ट नव्हतीच.

अशा घरातल्या आये-अप्पाने पोरीला शाळेत घातले. ही गोष्ट आपण पटकन वाचून पुढे जातो, पण जरा थांबून विचार करा. त्या काळी पोरगी पाचसहा वर्षांची झाली की शेणी गोळा करायला, धाकट्या भावंडाला काखेत मारून फिरायला आणि सुगीत सरवा वेचायला ती उपयोगी पडत असे. तिला शाळेत पाठवणे म्हणजे घरातले दोन कमावते हात कमी करणे होय. उपाशीपोटी राबणाऱ्या आईबापाने हा तोटा पत्करला. शांताबाईंनी आपले पुस्तक अर्पण केले ते या आये-अप्पाला. त्यांनी अंधारातून उजेडात आणले, ही जाण त्या विसरल्या नाहीत. म्हणजे एका कर्तबगार आईची गोष्ट तिच्या आधीच्या निरक्षर आईपासून सुरू होते. आपल्या प्रत्येक शिकलेल्या घरामागे अशी एक न शिकलेली बाई उभी आहे.

आयुष्याच्या वर्षांत चळवळीची वर्षे

शांताबाईंच्या आयुष्याची वर्षे चळवळीच्या वर्षांशेजारी मांडून पाहिली की लांब आयुष्य म्हणजे काय ते कळते. त्यांचा जन्म झाला त्याच १९२३ साली बाबासाहेब लंडनचे शिक्षण पुरे करून मुंबईस परतले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना कागदावर खुल्या झाल्या. त्या चार वर्षांच्या असताना, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच त्यांनी जमलेल्या स्त्रियांना वेगळे बोलावून सांगितले की, अस्पृश्यतेची खूण पटवणारे लुगड्याचे नेसण आणि ओझ्यासारखे दागिने टाका, मुलींना शिकवा. त्या पाच वर्षांच्या असताना, १९२८ साली, महार वतनाच्या गुलामीविरुद्धचे विधेयक बाबासाहेबांनी कौन्सिलात आणले. ती गुलामी कायद्याने गेली १९५८ साली. तेव्हा शांताबाई पस्तिशीच्या होत्या. एक विधेयक मांडल्यापासून प्रत्यक्षात उतरेपर्यंत एका पोरीची बाई झाली, आई झाली, सरकारी खात्यात अधिकारी झाली.

१९४२ हे साल तर मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या आणि हजारो स्त्रिया आल्या होत्या. समाजाची प्रगती मी त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, या अर्थाचे बाबासाहेबांचे प्रसिद्ध उद्गार याच परिषदेतले. मुलांना शिकवा, लग्नाची घाई करू नका, नवऱ्याची दासी होऊ नका, मैत्रीण व्हा, असे त्यांनी तिथे बजावले. आणि त्याच १९४२ साली इकडे सोलापूर जिल्हा लोकल बोर्डाच्या शाळेत शांताबाई शिक्षिका म्हणून रुजू झाल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या पहिल्या दलित शिक्षिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. नागपुरात बाबासाहेब जे सांगत होते, ते माणदेशातली एक पोरगी प्रत्यक्षात करत होती.

दहा वर्षे नोकरी झाल्यावर १९५२ साली त्या पुण्याला ट्रेनिंगला गेल्या. संसार, मुलेबाळे मागे ठेवून दोन वर्षे शिकणे म्हणजे काय, हे आजच्या शिक्षिकांनाही ठाऊक आहे. १९५७ पासून जत तालुक्यात त्यांनी शिक्षण खात्यात अधिकारी म्हणून काम केले आणि १९८१ मध्ये त्या निवृत्त झाल्या. ज्या गावात महाराच्या बाईने चावडीवरून जाताना पायातली वहाण हातात घ्यायची, तशाच गावांत एक महाराची बाई शाळा तपासायला जाऊ लागली. गुरुजींचा हजेरीपट तिच्यापुढे येऊ लागला. या एका बदलासाठी किती पिढ्या खपल्या!

गोडवे गाताना काय झाकले जाते

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना आवडते. मातेचा त्याग, मातेची जिद्द, मातेचे कष्ट! पुण्यानुमोदनाच्या व्यासपीठावरून हीच भाषा ऐकू येते. पण शांताबाईंनी आपल्या पुस्तकात आणखीही काही लिहिले आहे आणि ते वाचताना आपल्या समाजातल्या पुरुषांनी मान खाली घालावी.

नवरा शिकलेला, मास्तर. तरीही त्याने दुसरी बायको केली. घरात सवत आली. नाजाने ते मुकाट्याने गिळले नाही. ती माहेरी निघून आली आणि चार बुके शिकली होती म्हणून स्वतःच्या पायावर उभी राहिली. पुढे दोघांचा संसार पुन्हा जुळला, मुले मोठी झाली, नवऱ्यानेही आपले आत्मकथन लिहिले. पण त्या बाईने आपल्या पुस्तकातून तो भाग गाळला नाही. सूड म्हणून तिने तो लिहिला नाही, तसा तो झाकूनही ठेवला नाही. घडले ते लिहिले.

बाबासाहेब हिंदू कोड बिलासाठी झगडले आणि ते बिल रखडवले गेले म्हणून २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या बिलाचा एक गाभा एकपत्नीत्वाचा होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तो उतरला आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. म्हणजे बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले ते आपल्याच महारवाड्यातल्या नाजांसाठीसुद्धा सोडले होते. हे आपण आपल्या घरात बसून कबूल करतो का?

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचीही हीच कथा. १९२९ साली जन्मलेल्या बेबीताईंनी दहा मुलांना जन्म दिला, त्यांतली तीन दगावली. छोटे दुकान चालवून त्यांनी संसार ओढला. 'जिणं आमुचं' त्यांनी नवऱ्यापासून आणि घरापासून लपवून लिहिले. लिहिलेले कागद सुमारे वीस वर्षे दडवून ठेवावे लागले. नवऱ्याच्या संशयाविषयी आणि मारहाणीविषयी त्या पुढे मुलाखतीत मोकळेपणी बोलल्या. हीच बाई फलटणजवळच्या निंबुऱ्याला वंचित मुलांसाठी आश्रमशाळा उभी करते. २१ एप्रिल २०१२ रोजी त्या गेल्या. घरासाठी राबणे, समाजासाठी राबणे आणि घरात मार खाणे, हे तिन्ही एकाच बाईच्या वाट्याला आले. यातली पहिली दोन आपण भाषणात सांगतो. तिसरे कोणी सांगत नाही.

काही जण म्हणतील, 'घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला? विरोधकांना आयते कोलीत मिळते.' दलित आत्मकथने आली तेव्हाही आपल्यातल्या पांढरपेशांनी हीच ओरड केली होती. पण विचार करा, बाईने सोसले म्हणून ती महान, हा न्याय कोणाचा आहे? पतीला देव मानून सगळे सहन करणाऱ्या बाईची पूजा बांधणारा ग्रंथ आपण २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला. मग आपल्याच आईच्या पुण्यानुमोदनात तिच्या सोसण्याचे गोडवे गाऊन आपण त्याच ग्रंथाची राख कपाळाला लावत नाही काय? आईवर प्रेम असेल तर तिच्यावर झालेला अन्यायही आपल्याला माहीत असला पाहिजे.

पोराच्या मागे तेरा वर्षे

शांताबाईंचा मुलगा अरुण कांबळे. दलित पँथरचा लढाऊ नेता, कवी, 'रामायणातील संस्कृतिसंघर्ष' या पुस्तकाचा लेखक, मुंबई विद्यापीठातला मराठीचा प्राध्यापक. पँथरची पोरे रस्त्यावर उतरली, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेली, हा इतिहास आपण लिहिला. ती पोरे कोणाच्या जिवावर उतरली, हे मात्र लिहिले नाही. पोरगा मोर्चाला गेला की घरात दोन दिवस चूल थंड असायची. पोलीस दारात आले की पुढे व्हायची ती आई. कार्यकर्ते रात्री-बेरात्री आले की पिठाचा डबा खरवडून भाकऱ्या थापायची तीही आईच. चळवळीच्या हिशोबाच्या वहीत सभेचा मंडप, लाऊडस्पीकर आणि पत्रकांचा खर्च असतो. त्या भाकऱ्यांचा खर्च कोणत्याही वहीत नाही.

डिसेंबर २००९ मध्ये हैदराबादला अरुण कांबळे यांचा मृत्यू झाला. तेव्हा शांताबाई शहाऐंशी वर्षांच्या होत्या. दीर्घायुष्याचे आपण अभिनंदन करतो, पण लांब आयुष्याची एक किंमत असते आणि ती म्हणजे आपल्या मागे जायला हवे होते ते आपल्या आधी जाताना पाहावे लागते. त्यानंतर तेरा वर्षे ही आई जगली आणि २५ जानेवारी २०२३ रोजी गेली. शंभरी पुरी व्हायला सव्वा महिना राहिला होता.

निवृत्तीनंतर त्यांनी लिहायला घेतलेले 'माज्या जल्माची चित्तरकथा' १९८३ मध्ये 'पूर्वा' मासिकातून आले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. दलित स्त्रीने लिहिलेल्या अगदी आरंभीच्या आत्मकथनांत त्याची गणना होते. १९९० मध्ये त्यावर 'नाजुका' ही दूरदर्शन मालिका झाली. नाव पाहा कसे दिले आहे! चित्तरकथी म्हणजे एकामागून एक चित्र समोर ठेवून कथा सांगणारा. शांताबाईंनी आपल्या आयुष्याची चित्रे तशीच एकामागून एक ठेवली, आणि तीही आपल्या माणदेशी बोलीत. आयुष्यभर मुलांचे शुद्धलेखन तपासणाऱ्या शिक्षिकेने 'माझ्या जन्माची' न लिहिता 'माज्या जल्माची' लिहिले. आईने बोललेली भाषा अशुद्ध नाही, हे तिने मुखपृष्ठावरच सांगून टाकले.

आता आपले काम

सगळ्याच आया पुस्तक लिहिणार नाहीत. पुष्कळांना अक्षरओळखही नव्हती. बाबासाहेबांची आई भीमाबाई लवकर गेल्यावर त्यांना आत्या मीराबाईंनी सांभाळले. त्या मीराबाईंनी काही लिहून ठेवले नाही. रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या, त्यांनीही काही लिहिले नाही. उर्मिला पवारांची आई नवऱ्यामागे आयदान विणून मुलांना शिकवत राहिली, ती आपल्याला कळली ती लेकीने 'आयदान' लिहिले म्हणून. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव, वस्त्यावस्त्यांत फिरून चळवळीतल्या स्त्रियांना बोलते केले आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिले. त्या दोघी त्यावेळी निघाल्या नसत्या, तर त्या बायांची नावेसुद्धा आज उरली नसती.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या मैदानावर जी पंधरा-वीस वर्षांची पोर पांढरे लुगडे नेसून उभी होती, ती आज असेलच तर नव्वदीच्या आसपास आहे. ती तुमच्या घरात कोपऱ्यातल्या खाटेवर असेल. तिची आठवण विझत चालली आहे. उद्या परवा करत बसलात तर हाती फक्त निधनवार्ता उरेल.

म्हणून तिच्याजवळ बसा. तुमच्या खिशात मोबाइल आहे, तो चालू करून तिच्याशेजारी ठेवा आणि विचारा. आजी, तुझे माहेरचे नाव काय? पाणी कोणत्या विहिरीचे प्यायचात आणि ते कोण वाढायचे? तुला शाळेत का घातले नाही? बाबासाहेबांना तू पाहिलेस का, त्यांचे नाव पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकलेस? घरातले देव कोणी उचलले आणि कुठे नेऊन टाकले, तेव्हा तुला भीती वाटली का? बापाच्या कॉलेजच्या फीसाठी काय मोडलेस? गिरणीत, बिडीच्या कारखान्यात, खडी फोडायला किती वर्षे गेलीस? आजोबांनी तुला कधी मारले का? तुला स्वतःला काय व्हायचे होते? शेवटच्या दोन प्रश्नांना उत्तर यायला वेळ लागेल. कदाचित ती पहिल्या दिवशी काही बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जवळ बसा. जे सांगेल ते तिच्याच बोलीत उतरवून घ्या, प्रमाण मराठीची इस्त्री मारू नका. न आवडणारे असेल तेही गाळू नका.

आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मान्यवरांच्या नावांची यादी वाचण्याआधी त्या बाईच्या आयुष्याची दोन पाने वाचा. वाचायला तिच्या नातीला उभे करा. स्तूप, पुतळे, स्मारके यांसाठी आपण वर्गण्या काढतो, काढल्याच पाहिजेत. पण आईच्या दोन पानांना वर्गणी लागत नाही, फक्त एक वही आणि तिच्याजवळ बसायला वेळ लागतो.

शांताबाईंनी साठीच्या उंबरठ्यावर लेखणी उचलली आणि आपल्या आये-अप्पापासून स्वतःपर्यंत सगळ्यांना उजेडात आणले. आपल्या घरातल्या नाजा अजून बोलू शकतात, तोवर त्यांचे ऐकून लिहून ठेवणे हेच त्यांना खरे अभिवादन होय. जयभीम!